संवाद ऐकू यावेत म्हणून घेतलेला रिसीव्हर

सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात रात्री जेवणानंतर टीव्ही लागला की पाच मिनिटांच्या आत एक प्रश्न हमखास येत असे, "काय म्हणाला रे तो?" विचारणारे अण्णा, म्हणजे माझे वडील. त्यांचे वय आता एक्याऐंशी आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटक रंगमंचावर उभे केले, त्या गावात अण्णांनी नोकरी सांभाळून वीसेक वर्षे हौशी नाटकांना प्रॉम्प्टिंग केले. विंगेत उभे राहून, हातात वही धरून, नटाच्या ओठांवर यायचा शब्द आधी आपल्या ओठांवर तयार ठेवणाऱ्या माणसाला वाक्यातला अर्धा शब्द निसटला तरी किती चुटपुट लागते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे "आवाज वाढवू का?" या माझ्या विचारण्याने त्यांचे समाधान होत नसे. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येई, गाड्यांचे आवाज घर भरून टाकत, आणि माणसांचे बोलणे मात्र होते तिथेच राही.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वयोमानाप्रमाणे वरच्या कंपनसंख्यांचे ऐकू येणे कमी झाले आहे, बाकी काळजीचे काही नाही. अडचण नेमकी इथेच असते. स्वरांचा जोर खालच्या आणि मधल्या कंपनसंख्यांत असतो, पण स, श, ट, क, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख दोन हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन हजार कंपनांच्या, वर पटते. ती हरवली की माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही. त्यात आजचे टीव्ही इतके पातळ झाले आहेत की त्यांचे स्पीकर खाली जमिनीकडे किंवा मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले असतात, आणि आवाज आपल्यापर्यंत येतो तो कुठेतरी आपटून. चित्रपट किंवा मालिका पाच वाहिन्यांच्या ध्वनीसह, म्हणजे पाच स्पीकरांसाठी वेगवेगळा आवाज ठेवून, तयार झालेली असेल, तर संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीत ठेवलेले असतात. टीव्ही मात्र त्या सगळ्या वाहिन्या दोन छोट्या स्पीकरांत एकत्र ओततो. मधली वाहिनी पुन्हा वेगळी काढून तिला स्वतःचा स्पीकर द्यायचा आणि हवा तेवढा तिचाच आवाज वाढवायचा, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. ते काम करणाऱ्या यंत्राला एव्ही रिसीव्हर म्हणतात. होम थिएटर म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर धडाड-धुडूम येते, पण मी हे सगळे केले ते शब्दांसाठी, आणि म्हणून माझी निवडही त्याच अंगाने झाली.

आमच्याकडे पूर्वी डबाबंद मिळणारा एक ५.१ संच, म्हणजे पाच स्पीकर आणि खालच्या सुरांसाठी एक सबवूफर, होता. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आम्ही माणसे आणि कागदपत्रे घेऊन बाहेर पडलो होतो. परत आलो तेव्हा टीव्हीखालच्या कप्प्यातला तो संच गाळाने भरलेला होता. सबवूफरचा लाकडी डबा फुगून त्याची शिवण सुटली होती आणि आतल्या कागदी शंकूवर नखाएवढ्या जाडीचा चिखल वाळून बसला होता. पुढची काही वर्षे टीव्हीच्या आवाजावरच भागवले. या वेळी मात्र ठरवले की पाच स्पीकर, एक सबवूफर आणि रिसीव्हर असे सगळे मिळून साठ हजारांच्या आत बसवायचे, आणि रिसीव्हर जमिनीपासून उंच ठेवायचा. घरातले विजेचे सॉकेट आम्ही पुरानंतर वर घेतलेलेच आहेत, तेव्हा ते जमण्यासारखे होते.

साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायची एकच लांब स्पीकरपट्टी, का घेतला नाही, असे मला अनेकांनी विचारले. घरात वायरी नकोत, जागा कमी आहे आणि दोन-तीन माणसेच टीव्ही पाहतात, अशांना साउंडबार वाईट नाही. ज्यात मधल्या वाहिनीचा आवाज वेगळा वाढवता येतो असा निवडला तर संवादही बरे ऐकू येतात. पण त्यातला एक भाग बिघडला की बहुधा सगळेच बदलावे लागते, आणि पुढे मोठा स्पीकर जोडावासा वाटला तर वाट बंद असते. रिसीव्हर घेतला की स्पीकर कोणत्याही कंपनीचे चालतात, आज तीन आणि पुढच्या वर्षी दोन असे टप्प्याटप्प्याने घेता येतात, आणि दहा वर्षांनी रिसीव्हर बदलला तरी स्पीकर तेच राहतात. एकदम पैसे काढणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो.

आता वॅटविषयी लिहितो, कारण दुकानात पहिला शब्द तोच कानावर पडतो आणि सर्वांत जास्त दिशाभूलही तोच करतो. डबाबंद संचांवर पूर्वी हजारो वॅटचे आकडे पीएमपीओ या नावाखाली छापलेले असत. त्या आकड्याला मोजमापाची कोणतीही ठरलेली पद्धत नव्हती, म्हणून तो मनातून काढूनच टाकावा. पण नावाजलेल्या कंपन्यांच्या रिसीव्हरच्या खऱ्या आकड्यांतही पाहण्यासारखे पुष्कळ असते. मी शेवटी यामाहाचा आरएक्स-व्ही३८५ हा ५.१ वाहिन्यांचा रिसीव्हर घेतला. त्याच्या माहितीपत्रकात एकाच यंत्रासाठी तीन आकडे दिले आहेत. एकच वाहिनी चालू, १ किलोहर्ट्झचा एकच सूर आणि १० टक्के विकृती, म्हणजे मूळ आवाजात शिरलेला बिघाड, चालवून घेतली तर १३५ वॅट. तसेच मोजून विकृती ०.९ टक्क्यावर आणली तर १०० वॅट; आणि दोन वाहिन्या एकदम चालू ठेवून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंतचा पूर्ण पल्ला, ०.०९ टक्के विकृतीत मोजला तर ७० वॅट. तिन्ही आकडे ६ ओहमच्या भारावरचे, म्हणजे तेवढा विद्युत रोध असलेल्या स्पीकरसाठीचे, आहेत. कंपनीने तिन्ही मोकळेपणाने छापले आहेत, पण जाहिरातीच्या फलकावर कोणता आकडा चढतो हे सांगायला नको. दोन रिसीव्हरांची तुलना करताना एकाचा १३५ चा आणि दुसऱ्याचा ७० चा आकडा शेजारी ठेवला गेला तर निष्कर्ष पार उलटा निघू शकतो. म्हणून वॅटचा आकडा वाचताना किती वाहिन्या, कोणता पल्ला, किती विकृती आणि किती ओहम, या चार गोष्टी बरोबर वाचल्याच पाहिजेत.

आणि एवढे करूनही त्या फरकाला फारसा अर्थ नसतो, कारण आपला कान वॅटच्या हिशेबाने ऐकत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि तो जाणवण्याइतका पण लहानसाच फरक असतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते, म्हणजे वॅट दहापट व्हावे लागतात. ७० वॅट आणि १०० वॅट यांच्यातला फरक जेमतेम दीड डेसिबलचा आहे. आमची बैठकीची खोली दहा बाय चौदा फुटांची आहे आणि अण्णांची खुर्ची टीव्हीपासून नऊ फुटांवर असते. मी घेतलेल्या स्पीकरांची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे, म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळतो. अंतरामुळे होणारी घट धरली तरी अण्णांच्या खुर्चीपाशी सुमारे ८० डेसिबल उरतात, आणि माणसांचे साधे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ आमच्या घरात रोजच्या वापरात रिसीव्हर एका वॅटच्याही खाली चालतो आणि बाकीचे वॅट क्षणिक मोठ्या आवाजांसाठी राखीव असतात. जिन्याखालच्या टाकीत पाणी किती मावते यापेक्षा नळाला धार कशी येते हे पाहावे, तसे मला हा हिशेब मांडल्यावर वाटले. तीस वॅट जास्त मिळावेत म्हणून दहा हजार जास्त देण्यापेक्षा तेच पैसे मधल्या स्पीकरवर घालावेत, असे माझे ठाम मत झाले आणि ते आजही कायम आहे.

ओहमकडे मात्र दुर्लक्ष करू नये. स्वस्त रिसीव्हर ६ किंवा ८ ओहमच्या स्पीकरांसाठी बनवलेले असतात. ४ ओहमचे स्पीकर जोडले तर प्रवाह जास्त ओढला जातो, यंत्र तापते आणि आवाज वाढवल्यावर आतली संरक्षणव्यवस्था ते बंद करून टाकते. जुने डबाबंद संच मोडीत निघाल्यावर त्यांचे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्यांतले पुष्कळसे ३ किंवा ४ ओहमचे असतात. ते मागच्या चिठ्ठीवर छापलेले असते, जोडण्याआधी तेवढे वाचावे.

दुसरा मोठा विषय टीव्हीशी जोडणीचा. आपल्याकडे सेट-टॉप बॉक्स, मोबाइल आणि टीव्हीतली अ‍ॅप अशा तीन-चार वाटांनी कार्यक्रम येतात. या सगळ्यांचा आवाज एका केबलने टीव्हीकडून उलटा रिसीव्हरकडे आणण्याची सोय एचडीएमआयमध्ये आहे आणि तिला एआरसी म्हणतात. ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती ईएआरसी ही २०१७ च्या एचडीएमआय २.१ बरोबर आली. साध्या एआरसीमधून दाबून लहान केलेला ५.१ ध्वनी येतो. ईएआरसीमधून न दाबलेला आणि डिस्कवरचा पूर्ण दर्जाचा ध्वनीही येतो. ओटीटीवरचे बहुतेक ५.१ कार्यक्रम डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या स्वरूपातच येतात, त्यामुळे ज्यांच्याकडे ब्लू-रे प्लेअर नाही त्यांना साध्या एआरसीने काही उणे पडत नाही. ऑप्टिकल केबलने जुन्या पद्धतीचा डॉल्बी डिजिटल येतो, पण प्लस येत नाही, आणि टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हरचा आवाज कमी-जास्त करण्याची सोयही मिळत नाही. अण्णांच्या हातात दोन रिमोट द्यायचे नव्हते, म्हणून एआरसी माझ्यासाठी अनिवार्य होते.

इथे मला एक अडचण आली, ती सविस्तर सांगतो, कारण ती अनेकांच्या घरी येत असणार आणि लोक रिसीव्हरला दोष देत असणार. जोडणी झाल्यावर पहिले दोन दिवस फक्त पुढचे डावे-उजवे स्पीकर वाजत होते. मधला गप्प, मागचे गप्प. मी वायरी उलटसुलट करून पाहिल्या, स्पीकर बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये खोलवर गेलो तेव्हा तिथे डिजिटल आउटपुटसमोर 'पीसीएम' असे निवडलेले दिसले. पीसीएम निवडलेले असले की टीव्ही पाच वाहिन्यांच्या आधीच दोन करतो आणि मग पाठवतो. रिसीव्हरकडे पोहोचतात त्याच दोन. ते बदलून 'ऑटो' केले, आणि रिसीव्हरच्या पडद्यावर डॉल्बी डिजिटलचे नाव उमटून मधल्या स्पीकरमधून माणसाचा आवाज आला. काही टीव्हींवर याच पर्यायाला 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' म्हणतात. शिवाय एकाच रिमोटने दोन्ही यंत्रे चालवू देणारी टीव्हीची एचडीएमआय-सीईसी ही सोय चालू करावी लागते, आणि तिला प्रत्येक कंपनीने आपले वेगळे नाव ठेवलेले आहे. सोनी ब्रावियासिंक म्हणते, एलजी सिम्पलिंक म्हणते, सॅमसंग एनीनेट प्लस म्हणते.

डॉल्बी अ‍ॅटमॉसविषयी थोडक्यात. ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आली आणि पुढे दोन वर्षांत घरगुती यंत्रांत उतरली. तिच्यात छतावरून येणारे आवाज वेगळे धरलेले असतात. मी घेतलेला रिसीव्हर किंवा त्याच पातळीवरचा सोनीचा एसटीआर-डीएच५९० अ‍ॅटमॉस उलगडत नाही. त्यासाठी सात वाहिन्यांच्या रिसीव्हरकडे जावे लागते. आमच्या घराचे छत जुन्या पद्धतीचे, लाकडी तुळयांचे आणि फळ्यांचे आहे, तिथे स्पीकर बसवायचा प्रश्न नव्हता. ज्यांचे काँक्रीटचे सपाट छत आहे आणि खोली पुरेशी मोठी आहे त्यांनी जरूर विचार करावा, पण पाच चांगले स्पीकर बसण्याआधी नव्हे.

जुना रिसीव्हर घ्यावा का? मिरजेला एका ओळखीच्यांकडे मी एक पाहिला होता. किंमत निम्म्याहून कमी होती आणि उचलायला गेलो तर दहा-बारा किलो भरेल असा दणकट होता, जे आतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने चांगले लक्षण असते. पण चालू केल्यावर रिलेचा, म्हणजे आतल्या विजेच्या खटक्याचा, 'टक्' असा आवाज यायला हवा तो आला, पुन्हा एकदा आला, आणि यंत्र बंद पडले. प्रत्येक वाहिनीला स्पीकर लावून आणि अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय जुना रिसीव्हर घेऊ नये. त्याच्याबरोबर आलेला मोजमापाचा मायक्रोफोन सोबत आहे का हेही विचारावे, कारण तो ज्या यंत्राचा असतो त्याच्याशीच जुळतो. फार जुन्या रिसीव्हरांमधून ४के चित्र पुढे जात नाही, त्याला एचडीसीपी २.२ ही नक्कल रोखणारी संरक्षणपद्धत लागते, पण एआरसी असेल तर चित्र थेट टीव्हीला आणि आवाज रिसीव्हरला अशी वाट काढता येते, तेव्हा तेवढ्यावरून चांगले यंत्र सोडू नये. परदेशातून कोणी नातेवाईक घेऊन येणार असतील तर मात्र मागच्या बाजूला व्होल्टेज वाचायलाच हवे. अमेरिकेतले यंत्र १२० व्होल्टचे असते, आपला पुरवठा २३० व्होल्टचा आहे. तसेच सॉकेटमध्ये घातले की पहिल्याच क्षणी ते जळते.

ऐकून पाहण्यासाठी मी पुण्याला गेलो. दुकानात नेहमीप्रमाणे स्फोटांचा आणि हेलिकॉप्टरचा नमुना लावला गेला. त्या आवाजात मला चांगल्या-वाईटाचा भेद करता येत नव्हता, कारण खरे हेलिकॉप्टर माझ्या डोक्यावरून कधी गेलेले नाही. तंबोरा मात्र मी ऐकला आहे. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत माझे जाणेयेणे आहे. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तो दिवस त्या गल्लीतल्या लोकांइतकाच मलाही अभिमानाचा वाटला. तिथे एका कारागिराला मी जवारी काढताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून सुराचा झिणझिणाट जुळवताना, कितीदा तरी पाहिले आहे. घोडीचा माथा तो कानशीने इतका हळू घासतो की भुकटीही जेमतेम पडते, मग तार छेडतो, थांबतो, कान खाली नेतो आणि पुन्हा घासतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा बारीक दोरा सरकवला की एका ठिकाणी तो सूर अचानक उघडतो आणि एका तारेतून अनेक वरचे सूर झिणझिणत बाहेर पडतात. त्याच्याकडे ध्वनिमुद्रित करून घेतलेला चार मिनिटांचा तंबोरा मी पेनड्राइव्हवर नेला होता.

तो लावल्याबरोबर स्पीकरांचे गुण-दोष समोर आले. एका जोडीत जवारी बोचरी, पत्र्यासारखी झाली. दुसरीत ती झाकली गेली, जणू तंबोऱ्यावर गवसणी घातली आहे. तिसऱ्या, किमतीने मधल्या जोडीत प्रत्येक तारेची सुरुवात आणि तिचे विरणे वेगवेगळे कळत होते, आणि तीच मी घेतली. त्याच जोडीला दुकानदारांनी माझ्या विनंतीवरून आलटून पालटून दोन रिसीव्हर लावून दाखवले, एक माझ्या बेतातला आणि एक दुप्पट किमतीचा. आवाजाची पातळी सारखी ठेवल्यावर मला त्या दोघांमध्ये फरक सांगता आला नाही. स्पीकर बदलल्यावर मात्र तो डोळे मिटूनही कळत होता. पैसे कुठे घालायचे याचे इतके सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठे मिळाले नाही. मधला स्पीकर त्याच कंपनीचा, त्याच मालिकेतला घेतला, म्हणजे पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेले तरी त्याचा गळा बदलत नाही.

तंबोऱ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. पुरुष गायकासाठी काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते. लहान स्पीकर तिथपर्यंत नीट उतरत नाहीत. आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो तो त्याच्या १३८ हर्ट्झच्या आणि वरच्या सुरांवरून. रिसीव्हरमध्ये स्पीकर 'स्मॉल' असे नोंदवून ८० हर्ट्झची सीमा घातली की त्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो, लहान स्पीकरांचा भार हलका होतो आणि खर्जाची तार खरोखर खर्जात वाजते. स्पीकरला 'स्मॉल' म्हणण्यात कमीपणा काही नाही. तो शब्द आकाराविषयी नसून काम कसे वाटून द्यायचे याविषयी आहे.

बसवणी मी आणि माझ्या मुलाने दोन दिवसांत केली. खास स्पीकरची म्हणून विकली जाणारी महाग वायर न घेता गणपती पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी वायर आणली. दहा मीटर लांबीपर्यंत तिचा जाऊन-येऊन रोध पाव ओहमच्या आत राहतो, तेवढा पुरे. पुढचे दोन स्पीकर बैठकीच्या जागेपासून मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० अंशांवर आले. मागचे दोन खरे तर किंचित पाठीमागे, ११० अंशांच्या आसपास हवेत. पण आमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे, म्हणून ते कानाच्या थोडे वर, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लावले. मधला स्पीकर टीव्हीच्या खाली ठेवून त्याच्या पुढच्या कडेखाली रबराचे दोन तुकडे सरकवले, म्हणजे त्याचे तोंड थेट अण्णांच्या खुर्चीकडे वळले. हा दोन रुपयांचा उपाय आहे, आणि साऱ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त गुण त्याचाच आला असे वाटते.

सबवूफरची जागा शोधायला मात्र वेळ लागला. चौदा फुटांच्या लांबीत ४० हर्ट्झच्या आसपासचा आणि दहा फुटांच्या रुंदीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो. कोपऱ्यात सब ठेवला की हे दोन्ही घुमायला लागतात. सब तात्पुरता अण्णांच्या खुर्चीवर ठेवला, तंबोरा आणि पखवाज लावला, आणि मी जमिनीलगत कान नेत भिंतीकडेने फिरलो. जिथे ठोके सुटे ऐकू आले तिथे सब नेऊन ठेवला. ती जागा निघाली देवघराच्या दारापासून दोन हातांवर. आईने तिथे ठेवायला परवानगी दिली, पण तो चौरंगावर असावा ही अट घातली, आणि पुराच्या आठवणीने मलाही ते पटले.

मग रिसीव्हरबरोबर आलेला मायक्रोफोन अण्णांच्या खुर्चीवर कानाच्या उंचीला ठेवून वायपाओ ही स्वयंचलित मोजणी चालवली. प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने चाचणीचा आवाज येतो आणि यंत्र अंतर, पातळी आणि स्वरांचा तोल ठरवते. पहिल्या वेळी बाहेरून रिक्षा गेली आणि गोंगाट जास्त असल्याची सूचना आली. दुसऱ्या वेळी मागच्या उजव्या स्पीकरची धन-ऋण टोके उलटी जोडल्याची सूचना आली, आणि पाहिले तर खरोखरच तांबडी-काळी बदलली होती. पहाटे पाच वाजता, नळाला पाणी येण्याआधी, तिसऱ्यांदा मोजणी केली आणि ती नीट झाली. स्वस्त रिसीव्हर निवडताना ही मायक्रोफोनची सोय असलेलाच निवडावा असे मी आग्रहाने सांगेन. सोनीकडे ती डीसीएसी नावाने आहे आणि डेनॉनच्या अनेक रिसीव्हरांत ऑडिसी नावाने आहे. मोजणीनंतर मी हाताने एकच बदल केला, मधल्या वाहिनीची पातळी ३ डेसिबलने वाढवली. रात्री उशिरा आवाजाचा पल्ला आवळणारी सोयही चालू करतो, म्हणजे कुजबुज वर येते, आरडाओरडा खाली राहतो आणि शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

जुन्या नाटकांची ध्वनिमुद्रणे दोनच वाहिन्यांची असतात. पण दोन्हींत समान असलेला आवाज ओळखून तो मध्ये आणण्याची युक्ती रिसीव्हरमध्ये असते, आणि नाटकातले बोलणे बहुधा दोन्हींत सारखेच असल्यामुळे ते बरोबर मधल्या स्पीकरमध्ये येऊन बसते. रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवायचा आमचा विचार होता, तो सोडून दिला. यंत्र तापते आणि त्याच्या वर हवा खेळायला मोकळी जागा लागते. आमचा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे, त्यावर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो, म्हणून वीज गेली की तो बंदच ठेवतो.

शोकेसच्या दाराला आतून मी एक पुठ्ठा चिकटवला आहे. कोणी चुकून काही दाबले तर पूर्ववत करता यावे म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे : टीव्हीचा आवाज 'ऑटो', मधला अधिक ३, सीमा ८०, सब उणे २. परवा तो पुठ्ठा पाहिला तर त्याखाली अण्णांच्या प्रॉम्प्टरच्या वळणदार अक्षरात, शिसपेन्सिलीने, एक ओळ वाढलेली होती. "नाटक असेल तर सब बंद. पावलांचा आवाज संवादावर येतो."